गच्चीवरची पांढरी माती

"स्लॅबवर माती? कोणी टाकली ही?" अकोल्याहून आलेल्या इंजिनिअरनं विचारलं. त्याच्या माणसानं गच्चीच्या कोपऱ्यात हातभर जागा फोडून दाखवली होती. वर फुटक्या टाइलांच्या तुकड्यांची रंगीबेरंगी फरशी, तिच्याखाली सिमेंट, आणि सिमेंटाखाली चांगली वीतभर पांढरी माती. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं, शेगावात माणसं तोंडाला रुमाल बांधून हिंडत होती, आणि ती माती मात्र आतून ओली होती. इंजिनिअरनं मुठीत धरून दाबली तर तिचा गोळा झाला. गच्चीवर सगळेच उभे होते. पुष्पांजलीच्या समोरच्या फ्लॅटमधला हर्षल, त्याची बायको डिंपल, तळमजल्यावरचे म्हातारे रंगराव, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत फ्लॅट घेतलेले बाकीचे. कोणी काही बोललं नाही. किती वेळ गेला असेल? एक श्वास, फार तर दोन. तेवढ्यात पुष्पांजलीच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आधीचं आहे ते. आम्ही राहायला आलो तेव्हा होतंच." इंजिनिअरनं माती खाली टाकली, हात झटकले. "ज्यानं केलं त्याला काही अक्कल नव्हती," तो म्हणाला. "वीस वर्षं स्लॅबवर ओलं फडकं ठेवल्यासारखं झालं हे. आतलं लोखंड कुजलं सगळं." पुष्पांजलीनं मान हलवली. हो म्हणून हलवली. रंगराव कठड्यापाशी गेले आणि खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले.

आता ही काही जन्मात पहिल्यांदा खोटं बोलणारी बाई नव्हे. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई, कोणी तपासायला येणार म्हटलं की शेजारच्या गल्लीतली पोरंसुद्धा गोळा करून सतरंजीवर बसवणारी. खोट्याचं तिला एवढं काही वाटत नसे. पण जिना उतरून ती घरात आली, माठातलं पाणी प्याली, आणि स्वयंपाकाला न लागता पंख्याखाली बसून राहिली. आपण काय बोललो ते तिनं मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. आमच्या आधीचं आहे. साधं वाक्य होतं, कोणाला टोचेल असं त्यात काही नव्हतं. फक्त ज्या माणसानं ती माती पोत्यापोत्यानं डोणगावाहून आणली, तीन जिने वर चढवली, पायांनी तुडवली आणि हातांनी पसरली, तो माणूस त्या वाक्यात कुठेच नव्हता. तो तिचा नवरा होता. शेषरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत ते घरातून इतके कधी गेले नव्हते जितके त्या एका वाक्यानं गेले.

असं का केलं आपण? याचं उत्तर तिनं लगेच तयार ठेवलं होतं, पैसे. तुळजाई अपार्टमेंट बांधणारा बांधून-विकून मोकळा झाला तो पुन्हा फिरकला नाही. आठ फ्लॅट, ना सोसायटी, ना कागद. जुन्या लोकांची रीत अशी की वरच्यांनी वरचं बघायचं, खालच्यांनी खालचं. रंगराव तळमजल्यावर म्हणून मोटर आणि संडासची टाकी त्यांच्या गळ्यात, शेषराव सगळ्यात वर म्हणून गच्ची शेषरावांची. मधल्यांनी काहीच बघायचं नाही, आणि तेवढं मात्र त्यांनी मोठ्या निष्ठेनं पाळलं. जिन्याचं प्लास्टर गळालं, पाइपांतून पिंपळ उगवले, तरी "दिवाळी होऊ द्या, मंग पाहू." अशा वीस दिवाळ्या झाल्या. मग जुने एकेक करून विकून गेले आणि नवे आले, कर्ज काढून, हौसेनं, दारावर नव्या पाट्या लावून. मार्चमध्ये हर्षलच्या घरात भर दुपारी छताचा ताटाएवढा पोपडा सुटला आणि खाटेवर पडलेल्या त्याच्या आईच्या, अन्नपूर्णाबाईंच्या खांद्यावर आला. हाड मोडलं. त्यानंतर हर्षलनं दिवाळीची वाट पाहिली नाही. सोसायटी नोंदवली, रजिस्टर आणलं, सगळ्यांना पार्किंगमध्ये सतरंजीवर बसवलं आणि सांगितलं की गच्ची काही एकट्या वरच्यांची नसते, जिना, टाकी, गच्ची सारं सगळ्यांचं असतं, आणि खर्चाचे आठ सारखे हिस्से होतील. हे ऐकून पुष्पांजलीला हसावं की रडावं कळेना. वीस वर्षांत हे एकानंही म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा ज्यानं ऐकायचं तो नव्हता. तिच्या वाट्याला पंचावन्न हजार येत होते. तेवढे तिच्याकडे होते. पण त्या बैठकीत नियमांच्या कागदावरून हर्षलनं आणखी एक ओळ वाचली होती. कोणी स्वतःच्या मर्जीनं इमारतीत बदल केला असेल आणि त्यामुळे नुकसान झालं असेल, तर तो खर्च त्या एकट्या फ्लॅटवर. सगळं मिळून काम साडेचार लाखांच्या घरात जात होतं. तेवढे कुठून आणायचे? फ्लॅट विकायचा आणि पुण्याला पूनमच्या दोन खोल्यांत जाऊन, जावई झोपेपर्यंत बाल्कनीत बसून राहायचं. पूनमच्या सासूनं तिथं एक महिना काढला होता, तिचे हाल पुष्पांजलीनं डोळ्यांनी पाहिले होते.

हे सगळं खरं होतं. पंख्याखाली बसून तिनं ते दोनदा मांडलं, तीनदा मांडलं. आणि दर वेळी शेवटी तिला कबूल करावं लागत होतं की गच्चीवरच्या त्या दोन श्वासांत पैशाचा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. तिला लाज वाटली होती. शिकलेल्या माणसाच्या मुठीत ती माती, आणि आजूबाजूला चांगल्या कपड्यांतली नवी माणसं, आणि हे खुळं काम माझ्या नवऱ्याचं, असं म्हणायची लाज.

ती देऊळघाटची, म्हणजे घाटावरची. बुलढाण्याच्या त्या अंगाला चैत्रातसुद्धा पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते. लग्न होऊन ती घाटाखाली आली, शेगावात. शेषराव तिथल्या एका डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर होते. आधी भाड्याची खोली, मग हा फ्लॅट, सगळ्यात वरचा म्हणून सगळ्यात कमी किमतीचा. पहिल्याच वैशाखात स्लॅबनं आपलं रूप दाखवलं. दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती आग खाली सोडत राहायचा. पूनम दीड वर्षाची होती, अंगभर घामोळं, रडून रडून आवाज बसलेला. पुष्पांजली तिला ओल्या लुगड्यात गुंडाळून मोरीत बसायची. एक दिवस तिनं भरलेलं ताट सरकवलं आणि म्हणाली, "मले माहेरी पोचवून द्या. घाटाखाली मानसं राहतात काऊन, तेच मले समजत नाई. मी इथं राह्यली तर मरून जाईन." शेषराव म्हणजे बोलणारा माणूस नव्हेच, काटा थांबला की आकडा सांगायचा, एरवी गप्प. रविवारी ते डोणगावला गेले आणि सोमवारी मिलच्या टेम्पोतून पांढऱ्या मातीची पहिली खेप, अकरा पोती, घेऊन आले.

डोणगावात त्यांचं धाब्याचं घर होतं. लाकडाचं छत आणि त्यावर पांढऱ्या मातीचे थर. दर उन्हाळ्याच्या शेवटी तिच्यावर आणखी दोन बोटं नवी माती चढवायची, गवताचा चुरा मिसळून, तुडवून. शेषरावांच्या आज्यानं चढवली, बापानं चढवली, त्यांनी स्वतः पोरपणी चढवली. त्या घरात भर उन्हात गेलं तरी अंग निवायचं. आता शेषरावांचा हिशेब सरळ होता. छत म्हणजे छत, लाकडाचं काय आणि सिमेंटचं काय, वर माती पडली की खाली गार. रंगराव खालून घमेली भरून द्यायचे, शेषराव वर पसरायचे. पहिल्या पावसात निम्मी माती वाहून पाइपांत गेली आणि सगळ्या बिल्डिंगनं शिव्या घातल्या. मग शेषरावांनी टाइलच्या दुकानामागून फुटक्या तुकड्यांची पोती आणली, माती पुन्हा भरली, आणि तिच्यावर ते तुकडे सिमेंटात एकेक करून बसवले. तीन उन्हाळे चाललं होतं ते काम, रविवारी-रविवारी. निळे तुकडे एका बाजूला, पांढरे एका बाजूला, आणि टाकीपाशी पूनमसाठी काढलेला एक मोर, जो बदकासारखा दिसायचा. फरशी झाली तेव्हापासून रोज संध्याकाळी मिलमधून आल्यावर ते तिच्यावर बादल्या ओतायचे. तीस बादल्या, चाळीस बादल्या; ते गेल्यावर दोन उन्हाळे पुष्पांजलीनं नळी लावून भिजवली. वर वाफ निघायची आणि खाली हॉलमध्ये गारवा उतरायचा. कशाला खोटं बोला, उतरायचाच. मे महिन्यात दुपारच्या वेळी बिल्डिंगमधल्या बाया उश्या घेऊन पुष्पांजलीच्या हॉलमध्ये यायच्या. रंगरावांच्या बायकोनं, झुंबरबाईनं, शेवटच्या आजारातला अख्खा उन्हाळा तिथंच काढला. पाणी भेगांतून मातीत जातंय, माती ते धरून ठेवतेय, आणि धाब्याच्या लाकडाला जे चाललं ते सिमेंटातल्या लोखंडाला चालत नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. कोण सांगणार? वीस वर्षं तो माणूस आपल्या बायकोला गार झोप लागावी म्हणून स्वतःच्याच डोक्यावरचं छत कुजवत राहिला, आणि बायको खाली निवांत झोपत राहिली.

तोडायला सुरुवात झाली तेव्हा ती घरातच होती. दुसरीकडे कुठे जाणार? मशीन वर चालू झालं की भांड्यांच्या फळीवरचे पेले हलायचे. दाराच्या फटीतून बारीक पांढरी धूळ यायची आणि वरणाच्या भांड्यावर झाकण असूनही वरणात जायची. ती खायची तसंच. अन्न टाकून द्यायची तिला सवय नव्हती, आणि ही धूळ ओतून द्यायला तर हात धजेना. तिसऱ्या दिवशी पूनमचा फोन आला. "आई, केवढा आवाज येऊन राह्यला तिकडे. तू इकडे ये ना थोडे दिवस." पुष्पांजली म्हणाली, "कामावर कोनी पाहाले पाहिजे ना." "बाबाची फरशी सारी काढून टाकतीन का?" "काढाच लागते म्हनते इंजिनिअर." पूनम म्हणाली, "तिथल्या लोकायले माहीत तरी हाये का, बाबानं केली म्हनून?" पुष्पांजली म्हणाली, "नव्या लोकायले काय माहीत," आणि भाजीवाला आला असं सांगून तिनं फोन ठेवला. भाजीवाला आला नव्हता.

त्या दिवसांत तिला एक जुनी गोष्ट सारखी आठवू लागली, जी तिनं इतकी आत दडपली होती की ती झालीच नाही असं तिला वाटायला लागलं होतं. फरशीच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली. रविवार होता. अंगणवाडीच्या ऑफिसातल्या एक वरच्या बाई कसलासा तक्ता घ्यायला अचानक घरी आल्या. जिन्यात शेषराव समोरून येत होते, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, खांद्यावर तुकड्यांचं पोतं, कोपरापर्यंत सिमेंट. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि त्यांनी बाईंना वाट दिली. वर आल्यावर बाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "गडी मेहनती दिसतो हो. काय घेतो?" आणि पुष्पांजली म्हणाली, "रोजानं लावलाय." इतकं सहज म्हणाली. दार उघडं होतं आणि शेषराव जिन्यातच होते. बाई गेल्या, पोळ्या झाल्या, शेषराव हात धुऊन जेवायला बसले. त्यांनी हसत हसत हात पुढे केला आणि म्हणाले, "मंग बाई, माह्या रोज द्या ना." ती हसली नाही, चिडली. "तुमाले बनियनवर हिंडाची काय गरज होती," असं म्हणाली. त्यांनी हात मागे घेतला. पुढच्या रविवारपासून ते कामाला शर्ट घालून जायचे. एकेक जुना शर्ट सिमेंटात वाया गेला, पण पुन्हा कधी बनियनवर जिन्यात दिसले नाहीत. माफी मागायला तिच्याजवळ त्यानंतर अठरा वर्षं होती. रोज संध्याकाळ होती, रोज चहा होता. मागितली नाही. इतकी जुनी गोष्ट, आता काय काढायची, असं वाटायचं. आता वरती मशीन चालू असताना तिला कळत होतं की गच्चीवर त्या दिवशी जीभ घसरली वगैरे काही नव्हतं. ती जीभ तशीच होती. पहिल्यापासून.

रंगराव तिला जिन्यात भेटले, पाचव्या की सहाव्या दिवशी. म्हातारे काठी धरून काम पाहायला चढत होते. शेषरावांसोबत घमेली उचललेला तेवढा एकच माणूस आता त्या इमारतीत उरला होता, आणि त्या दिवशी कठड्यापाशी तोंड फिरवून उभा राहिलेलाही तोच. तिला वाटलं, आता बोलतील. वहिनी, जिवंतपणी नाही तर नाही, मेल्यावर तरी त्याले आपला म्हनाचं होतं. असं काहीतरी. तिला ते ऐकायचं होतं. कोणीतरी आपल्याला धुऊन काढावं असं तिला फार वाटत होतं. रंगराव दम घेत थांबले. "वहिनी, काम बराबर होऊन राह्यलं," ते म्हणाले. "हो भाऊ." "धूळ लय येत असन ना घरात." "येते." त्यांनी मान हलवली आणि तिच्याकडे न बघता पुढची पायरी धरली. तिला वाटलं, या माणसाच्या मनातून आपण उतरलो, बोलण्याच्याही लायकीचे राहिलो नाही.

अकरा दिवस गेले. मातीच्या आणि तुकड्यांच्या सात ट्रॅक्टर ट्रॉल्या भरल्या. कुठल्या ट्रॉलीत मोर गेला ते तिनं पाहिलं नाही, खिडकीला पडदा ओढून ठेवला होता. स्लॅब उघडा झाला, कुजलेलं लोखंड घासलं, नवं बांधलं, वर पांढरं पाणीरोधक औषध लावलं. माणसं म्हणत होती की आता पन्नास वर्षं बघायला नको. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात, उघड्या स्लॅबखाली, पुष्पांजलीच्या हॉलमध्ये ते पहिलं ऊन उतरलं. दुपारी दोनला पंखा गरम हवा फेकू लागला. पाठीला घाम, मानेला घाम. आता गच्चीवर पाणी मारायला सक्त मनाई होती, जिन्यात तशी सूचना लावली होती. ती फरशीवर आडवी झाली तर फरशीही कोमट. म्हणजे हे असं असतं इथलं ऊन, तिला वाटलं. वीस वर्षं हे रोज इथंच होतं, आणि एक माणूस ते रोज अडवत होता. तो गेला त्या दिवशी ती रडली होती रीतीप्रमाणे, दहाव्याला, तेराव्याला, बाया आल्या की. त्या दुपारी कोणी आलेलं नव्हतं. ती तोंडात पदर कोंबून रडली, आणि रडणं ओसरल्यावर तिनं ठरवलं की सांगायचं. साडेचार लाख मागितले तर मागू द्या. फ्लॅट गेला तर जाऊ द्या. बाल्कनीत बसू.

रविवारी सकाळी उरलेल्या हिश्शाचा चेक घेऊन ती समोरचं दार वाजवायला गेली. हर्षलनं दार उघडलं. अन्नपूर्णाबाई खाटेवर पाय खाली सोडून बसल्या होत्या, हाताची झोळी निघाली होती आणि त्या खांदा हळूहळू गोल फिरवून पाहत होत्या. "ये व, बस," त्या म्हणाल्या. डिंपलनं पाणी आणलं. पुष्पांजली बसली नाही. तिनं वाक्य पाठ करून आणलं होतं. "हर्षल, मले एक सांगाचं होतं. त्या दिवशी गच्चीवर मी जे म्हटलं ना, मातीचं, ते..."

"राहू दे व बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "माहीत हाये आमाले."

"काय माहीत हाये?"

"तुह्या मालकानं केलं होतं ते सारं. तुले गरम होये म्हनून. माह्यं हाड मोडलं त्याच दिवशी रंगरावभाऊनं येऊन सांगतलं. इथंच बसून रडले बिचारे. म्हने, घमेले म्या देल्ले, मलेबी धरा त्याच्यात." त्यांनी खांदा फिरवायचा थांबवला. "मंग मीच पोराले म्हटलं, त्या बाईले एका शब्दानं इचारू नोको. मानूस गेला. आन् त्यानं कोनाचं वाईट करासाठी थोडीच केलं?"

पुष्पांजलीनं हर्षलकडे पाहिलं. तो अवघडला होता, चेकची घडी घालत होता, उलगडत होता. "आम्ही सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं काकू," तो म्हणाला. "वर जायच्या आधी, खाली पार्किंगमध्येच. इंजिनिअर बाहेरचा माणूस, तो विचारेल, आपण कोणी बोलायचं नाही. दोन मिनिटं थांबला असता आणि पुढच्या कामाला लागला असता." "आन् ते जे तू वाचलं होतं, मर्जीनं बदल केला तर?" "ते? ते पार्किंगमधल्या पत्र्याच्या शेडसाठी होतं. तुमच्यासाठी नव्हतं हो." तो खरंच चकित झाला होता.

म्हणजे ती शांतता. तिला वाटलं होतं कोणाला माहीत नाही म्हणून कोणी बोलत नाही. आणि तिथं उभी असलेली ती सगळी माणसं, ज्यांतल्या निम्म्यांनी शेषरावांना नुसतं जिन्यात पाहिलेलं, काहींनी तेही नाही, ती सगळी एका मेलेल्या माणसाची अब्रू राखायला ओठ मिटून उभी होती. रंगराव उभे होते, हाड मोडलेल्या बाईचा पोरगा उभा होता. एकटी त्याची बायको तेवढी बोलली. कोणी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

ती खुर्चीवर बसली. पाणी प्याली. पेला खाली ठेवून तिनं विचारलं, "रजिस्टरात काय लिवलं?" हर्षल म्हणाला, "जाऊ द्या ना काकू." "दाखव." तीस वर्षं रजिस्टरं लिहिलेल्या बाईचा आवाज होता तो, हर्षल उठला. त्यानं पान काढून दिलं आणि म्हणाला, "आम्ही तर तो विषयच लिहिणार नव्हतो. पण तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या, म्हटलं तुम्हाला तसंच पाहिजे असेल." डिंपलचं अक्षर स्वच्छ होतं. ठराव चौथा. स्लॅबवरील मातीचे व फरशीचे थर सभासद राहायला येण्याआधीच्या काळातील असून, सध्याच्या कोणत्याही सभासदाचा वा त्यांच्या कुटुंबीयांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. खाली आठ सह्या होत्या. सगळ्यांनी जाणूनबुजून खोट्यावर केल्या होत्या, तिच्यासाठी. रंगरावांची सही दोन ओळींत गेली होती.

शेवटची सही तिची. डिंपल रजिस्टर घेऊन दारात आली तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि तिनं न वाचताच सही ठोकून दिली होती, तिची कायमची सही, पूर्ण नावाची, गोल अक्षरातली, पोरांना गिरवायला द्यावी तशी. पुष्पांजली शेषराव म्हसाळ. काहीही संबंध नाही, आणि त्याच्याखाली पुष्पांजली शेषराव. तिनं ते मधलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. तोंडानं तिनं ते नाव उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं, लिहिलं मात्र रोज होतं.

"काकू," हर्षल म्हणाला, "खोडून टाकू का? मी सही करतो बाजूला. काही होत नाही."

"राहू दे," ती म्हणाली. "सही माह्यीच हाये."